पुरुषांचे विरळ होणारे केस: उपचार ठरवण्याआधी नेहमी विचारले जाणारे प्रश्न

त्वचेच्या दवाखान्यात बसून, आणि रात्री फोनवर येणाऱ्या मेसेजना उत्तरं देताना, हे प्रश्न मला पुन्हा पुन्हा भेटतात. विचारणारे बहुतेक १९ ते ४५ वयातले पुरुष, कधी त्यांच्या आया, कधी बायका. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत गुंततो तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज आंघोळीला केस जातात. हे नेहमीचं गळणं आहे की टक्कल पडायला लागलंय?

डोक्यावर साधारण १ लाख केस असतात. त्यातले रोज ५० ते १०० गळणं हा त्यांच्या चक्राचाच भाग आहे. एक केस २ ते ६ वर्षं वाढतो, दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे तीनेक महिने तो नुसता बसून राहतो आणि पडतो. त्याच मुळातून नवा येतो. म्हणून पडलेले केस मोजून फारसं काही कळत नाही.

मध्यंतरी तेवीस वर्षांचा एक मुलगा आला. खिशातून त्याने कागदाची पुडी काढली आणि टेबलावर उलगडली. आठ दिवसांचे केस होते, रोजचा आकडा पुडीवर पेनाने लिहिलेला. मी ती बाजूला ठेवली, त्याच्या कपाळाच्या कोपऱ्यातला एक केस आणि मानेच्या वरचा एक केस कापून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवले. मानेकडचा जाड, काळाभोर. कोपऱ्यातला निम्म्या जाडीचा, तांबूस, जवळजवळ लव. त्याला तिथेच समजलं. पुरुषी टकलेपणात मुळातून परत येणारा केस दर चक्रात आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो, आणि हळूहळू डोक्याची कातडी दिसायला लागते.

घरी पाहायचं असेल तर तीन-चार वर्षांपूर्वीचा फोटो काढा आणि कपाळाचे कोपरे व डोक्यामागचा भोवरा ताडून पाहा. या दोन जागा विरळ आणि मागचा-बाजूचा भाग भरलेला, हे चित्र असेल तर शंका खरी आहे. १९७५ सालची डॉ. नॉरवूड यांची टकलाच्या सात टप्प्यांची चित्रं डॉक्टर आजही वापरतात. सातव्या टप्प्यात कानांवरून मागे जाणारी फक्त एक झालर उरते.

दोन गोष्टी यात मोडत नाहीत. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून मुठीने केस जातात. ते बहुधा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. आणि रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडला तर ती चाई. तिचा उपचार पूर्ण वेगळा, या पानावर नाही.

२. वडिलांचे केस दाट आहेत, मग माझेच का जातायत? मामावर गेलोय का?

मामाचा वाटा आहे, पण सगळा दोष त्याला देऊ नका. पुरुषी संप्रेरकाला प्रतिसाद देणारा एक महत्त्वाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो आणि मुलाला ते आईकडून मिळतं. पण या गोष्टीत पुष्कळ जनुकांचा हात असतो आणि ते दोन्ही घरांकडून येतात.

यंत्रणा अशी: शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनचं एक एन्झाइम डीएचटी नावाच्या रसायनात रूपांतर करतं. ज्यांची मुळं डीएचटीला संवेदनशील, त्यांची ती मुळं आक्रसत जातात. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये दाखवलं की वयात येण्यापूर्वी ज्यांची वृषणं काढली गेली त्या पुरुषांना टक्कल पडत नाही. पुढे १९७४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या काही पुरुषांत जन्मतःच हे एन्झाइम कमी होतं. त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि टक्कल पडलं नाही. केस थोपवणाऱ्या फिनास्टेराइड या गोळीची कल्पना याच निरीक्षणातून निघाली (प्रश्न ७).

टक्कल पडणाऱ्याच्या रक्तात हार्मोन 'जास्त' असतात असं मात्र नाही. बहुतेकांचे रिपोर्ट नॉर्मल येतात.

३. गाव सोडून पुण्याला आलो, बोअरच्या पाण्याने केस गळायला लागले. फिल्टर बसवू का? आणि हेल्मेटचं काय?

जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. पण त्याने मूळ आक्रसत नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घर सोडायचं वय १८ ते २२, आणि पुरुषी टकलेपणाची सुरुवातही बऱ्याचदा याच वयात होते, म्हणून आळ पाण्यावर येतो. हेल्मेटनेही टक्कल पडत नाही. आतला कपडा धुवा आणि घालत राहा.

पाणी-अन्नाचा संबंध कधीच नसतो असं मी म्हणणार नाही. २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत बायका, मुलं, पुरुष, सगळ्यांचेच केस काही दिवसांत हातात येऊ लागले. आधी पाण्यावर संशय होता. नंतर डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवलं. घरातल्या सगळ्यांचेच केस एकाच आठवड्यात जायला लागले तर आरोग्य केंद्रात कळवा. तुमच्या एकट्याचे कोपरे पाच वर्षांत मागे गेले असतील तर तो हा प्रकार नाही.

४. कोणत्या तपासण्या करून घ्यायच्या? बायोटिन सुरू करू का?

ठरावीक चित्र असेल तर बघूनच निदान होतं. गळणं सगळीकडून असेल, थकवा असेल किंवा जेवण नीट नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी पाहतो. कमतरता निघाली तर ती भरून काढायची. नसेल तर गोळ्यांनी केस वाढत नाहीत.

बायोटिनची खरी कमतरता फार क्वचित असते. मोठ्या डोसमुळे थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकू शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये सांगा.

५. माक्याचं तेल, कांद्याचा रस, रोझमेरी: यातलं काही चालतं का?

आजीच्या हातचं माका-जास्वंदीचं तेल लावून केस मऊ राहतात, तुटत नाहीत, डोकं शांत वाटतं. ते लावायला माझी ना नाही. पण डीएचटीने आक्रसलेलं मूळ त्याने पूर्वपदाला येत नाही. कांद्याच्या रसाने डोकं भाजून आलेले दोन रुग्ण मी पाहिलेत. मुंडन केल्यावर केस दाट वाटतात, कारण कापलेलं टोक बोथट असतं. मुळं तेवढीच राहतात.

रोझमेरीबद्दल २०१५ चा एक इराणी अभ्यास सगळीकडे फिरतो. त्यात १०० जण होते, तुलना २ टक्के मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाशी (प्रश्न ६) होती आणि औषध नसलेला तिसरा गट नव्हता. एवढ्यावर भरवसा ठेवून वर्ष घालवू नका. केसांच्या बाबतीत खरं मोल वेळेचं आहे. जे मूळ अजून बारीक का होईना केस देतंय तेच वाचवता येतं.

आणखी एक. आपल्या औषध नियमांतल्या परिशिष्ट 'जे'मध्ये अशा आजारांची यादी आहे, जे बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे. 'टकलावर ९० दिवसांत केस, गॅरंटीसह' अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

६. मिनॉक्सिडिल नेमकं कसं लावायचं? किती दिवसांत फरक पडेल?

हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले म्हणून त्याचं लोशन झालं. अमेरिकेत पुरुषांसाठी २ टक्क्यांच्या लोशनला १९८८ मध्ये मान्यता मिळाली, ५ टक्के १९९७ मध्ये आलं.

चूक बहुतेकांची लावण्यातच होते. केसांवर ओतलं जातं, कातडीपर्यंत पोचत नाही. डोकं पूर्ण कोरडं असू द्या. आरशासमोर कंगव्याने भांग पाडा, ड्रॉपरने त्या रेषेवर थेंब सोडा, बोटाने पसरवा. अर्धा इंच सरकून पुढचा भांग. एका वेळी १ मिली, सकाळ-संध्याकाळ. पुढे चार तास डोकं धुवू नका, रात्री झोपण्याच्या दोन ते चार तास आधी लावा, उशीला पुसलं जाणार नाही. आधी तेल थापून त्यावर लोशन लावलं तर ते वाया जातं. तेल हवंच असेल तर धुण्याआधी तासभर.

६० मिलीची बाटली असं लावल्यास ३० दिवस पुरते. तुमची बाटली तीन महिने चालत असेल तर औषध लागत नाही असं म्हणण्याआधी हा हिशोब करा.

फरक चार महिन्यांनी दिसायला लागतो, नक्की मत एक वर्षानंतर. भोवऱ्याला चांगला गुण येतो, कपाळाच्या कोपऱ्यांना कमी. खाज किंवा लाली आली तर ती बहुधा त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असते. फोममध्ये ते नसतं, बदलून पाहा. छातीत धडधड, पायाला सूज आली तर थांबा आणि डॉक्टरांना भेटा.

घरात तान्हं बाळ असेल तर औषध लावलेलं डोकं त्याच्या अंगाला लागू देऊ नका. बापाच्या औषधाने बाळाच्या अंगावर दाट लव आल्याची उदाहरणं युरोपात नोंदली गेली आहेत. मांजर असेल तर आणखी जपा: तिने उशी किंवा बोट चाटलं तरी विषबाधा होऊ शकते.

*'लावल्यावर जास्तच गळायला लागले'* असा मेसेज तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हमखास येतो. बसून राहिलेले केस लवकर पडून नवे वाढीला लागतात म्हणून हे होतं. बहुतेकांचं दीड-दोन महिन्यांत थांबतं. सगळ्यात जास्त लोक नेमके इथेच औषध सोडतात, याचं मला फार वाईट वाटतं.

७. फिनास्टेराइडबद्दल इतकं भीतीदायक वाचलंय. घ्यावी की नको?

हा प्रश्न कोणी कुजबुजून विचारतो, कोणी बायकोला बाहेर बसवून. मोकळं उत्तर देतो.

१ मिलिग्रॅमची गोळी रोज एक. अमेरिकेत केसांसाठी १९९७ पासून मान्य. त्याआधी १९९२ पासून ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी होती. डीएचटी साधारण दोन-तृतीयांश खाली येतं. मूळ चाचण्यांत दोन वर्षांनी भोवऱ्यावरची केसांची संख्या गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांत टिकली, औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी २८ टक्क्यांत. जाणारे केस थोपवायला याहून जास्त अभ्यासलेली गोळी नाही.

आता दुसरी बाजू. त्याच चाचण्यांत कामेच्छा कमी होणं, ताठरता कमी होणं, वीर्य कमी येणं अशा तक्रारी ३.८ टक्के पुरुषांत होत्या, खोट्या गोळीवर २.१ टक्के. गोळी थांबवल्यावर बहुतेकांचं पूर्ववत होतं. पण काहींनी त्या पुढेही राहिल्याचं कळवलं आहे आणि अमेरिकेत २०१२ पासून औषधाच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध यंत्रणेने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं.

म्हणून ज्याला नैराश्य आहे किंवा पूर्वी होऊन गेलंय, त्याला मी ही गोळी सहसा सुरू करत नाही. इतरांना सांगतो: घरात एका माणसाला कळू द्या. मन उदास राहायला लागलं, झोप उडाली, तर ते तुमच्या आधी त्याच्या लक्षात येईल. तसं झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. मित्राच्या पाकिटातली गोळी, चिठ्ठीशिवाय, कधीच नाही. डोक्याला लावायचं फिनास्टेराइडही रक्तात उतरतं, ते 'साइड इफेक्ट नसलेलं' नाही.

८. आम्ही मुलासाठी प्रयत्न करतोय. फिनास्टेराइड चालू ठेवू का?

वीर्यातून बायकोपर्यंत जाणारं प्रमाण अत्यल्प असतं. पण काही पुरुषांत शुक्राणूंची संख्या घटते आणि थांबवल्यावर सुधारते. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नसतील, किंवा रिपोर्ट आधीच कमी असेल, तर मी थांबवायला सांगतो. तेवढा काळ मिनॉक्सिडिलवर निघतो.

बायको गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही. पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. पैसे वाचवायला ५ मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने तुकडे करून घेणारे पुष्कळ आहेत. त्या पावडरीचा धोका तिला असतो, म्हणून अशा घरात तुकडे करू नका.

९. फिनास्टेराइडची गोळी चालू असताना रक्तदान करता येतं?

नाही. ते रक्त गरोदर बाईला चढू शकतं. फिनास्टेराइड थांबवून १ महिना, ड्युटास्टेराइड (त्याच जातीची जास्त जोरदार गोळी, प्रश्न १०) थांबवून ६ महिने जाऊ द्या. गणेशोत्सवात मंडळाच्या शिबिरात आग्रह झाला तरी फॉर्मवर खरं लिहा.

पन्नाशी गाठलेल्यांसाठी: ही गोळी प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला पीएसए हा आकडा जवळपास निम्म्यावर आणते. तपासणीच्या वेळी सांगितलं नाही तर वाढलेला आकडाही नॉर्मल वाटतो.

१०. ड्युटास्टेराइड किंवा मिनॉक्सिडिलची गोळी जास्त जोरदार असते म्हणतात. थेट तीच घेऊ?

जोर आहे, पण पहिली पायरी ती नव्हे. ड्युटास्टेराइड डीएचटी जास्त खाली आणतं आणि शरीरातून निम्मं जायलाच सुमारे पाच आठवडे घेतं. त्रास झाला तर तोही लवकर उतरत नाही. दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये ते केसांसाठी मान्य आहे. पोटातून घ्यायचं मिनॉक्सिडिल अगदी कमी डोसमध्ये त्वचारोगतज्ज्ञ देतात. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा इतिहास आधी विचारावा लागतो, आणि अंगावर, गालांवर केस वाढू शकतात.

११. डर्मारोलर, पीआरपी, लेझर टोपी: पैसे टाकण्यासारखं काय?

सुयांच्या रोलरबद्दल सांगायला मला बरं वाटतं, कारण त्याचा गाजलेला अभ्यास मुंबईत, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात १०० पुरुष होते. निम्म्यांना फक्त मिनॉक्सिडिल, निम्म्यांना त्यासोबत आठवड्यातून एकदा १.५ मिलिमीटरचा रोलर. १२ आठवड्यांनी मोजलेल्या जागेतली सरासरी वाढ २२ विरुद्ध ९१ केस अशी निघाली. अभ्यास छोटा होता, पण दिशा दाखवून गेला. रोलर घरी उकळून, मित्रासोबत वाटून वापरू नका. दवाखान्यात करा, आणि त्या दिवशी लोशन लावू नका.

पीआरपीत तुमचंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात. काहींना गुण येतो. तयार करण्याची पद्धत मात्र दर दवाखान्यात वेगळी, त्यामुळे शेजारच्याचा अनुभव तुम्हाला लागू होईलच असं नाही. औषधांच्या जोडीला ठीक, औषधांऐवजी नको. लेझरच्या टोपीचा परिणाम माफक आणि किंमत जबर. हाती पैसे मोजकेच असतील तर माझ्या यादीत ती शेवटी येते.

१२. वय २२, कपाळ मागे गेलंय. वडील ट्रान्सप्लांटचे पैसे द्यायला तयार आहेत. करून टाकू?

आत्ता नको. डोक्याच्या मागच्या भागातले केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढे लावले तरी तो गुण सोडत नाहीत, यावर ही शस्त्रक्रिया उभी आहे. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ मध्ये हे मांडलं. पण मागची ती पुंजी मर्यादित आहे, आणि काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. बावीसाव्या वर्षी कपाळाची रेषा खाली आणून ती खर्च केली आणि तिशीत त्या रेषेमागचे, डोक्याच्या मधले केस गेले, तर पुढे एक पट्टी आणि मध्ये मोकळं रान, असं डोकं उरतं. ते दुरुस्त करायला साठा नसतो.

आधी किमान वर्षभर औषधं घ्या, गळणं थांबतंय का पाहा. पंचविशी-तिशीनंतर, चित्र स्थिर झाल्यावर विचार करा. रेषाही चाळिशीत शोभेल अशी आखून घ्या.

१३. ट्रान्सप्लांट कुठे करावं, हे कसं ठरवू?

एकच प्रश्न विचारा: 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण करणार?' सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केलं की ही शस्त्रक्रिया प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच करायची. कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. तरी काही ठिकाणी डॉक्टर रेषा आखून जातात आणि पुढचे आठ तास टेक्निशियन काम करतात.

त्याशिवाय: भूल देताना डॉक्टर हजर आहेत का, ऑक्सिजन आणि तातडीची औषधं खोलीत आहेत का, तुमच्या मागच्या भागाची घनता यंत्राने मोजली का. एका दिवसात अफाट ग्राफ्ट (काढून लावलेली केसांची मुळं) बसवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा. आणि 'आजच बुक केलं तर सूट' ऐकलं की उठून या. आरोग्य विमा सहसा हा खर्च देत नाही.

१४. ट्रान्सप्लांटनंतर औषधं सुटतात ना?

सहसा नाही. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मधले मूळचे केस पूर्वीसारखेच बारीक होत जातात. औषध सोडल्यास मिनॉक्सिडिलने मिळवलेलं तीन-चार महिन्यांत जातं, फिनास्टेराइडचं वर्षभरात. म्हणून मी सुरुवातीलाच विचारतो: ही बाटली दर महिन्याला किती वर्षं आणू शकाल? पाच वर्षं परवडणार नसेल तर आजच तसं सांगा. त्याचाही मार्ग निघतो (प्रश्न १६).

१५. ट्रान्सप्लांट झालंय आणि घरात मृत्यू झाला. क्षौर करावं लागेल. केस परत येतील का?

येतील. रुजलेली मुळं कातडीच्या आत असतात, वस्तऱ्याने ती जात नाहीत. अडचण फक्त पहिल्या काळात असते. पहिल्या महिन्यात जखमा ताज्या असतात, वस्तरा लावू नका. पुढचे दोन-तीन महिनेही मशीनने बारीक करून घ्या, आणि त्याआधी सर्जनला फोन करा. गुरुजींना परिस्थिती सांगितली तर बहुतेक जण समजून घेतात. मागून कातडीची पट्टी काढण्याच्या पद्धतीने केलं असेल तर गोट्यावर आडवी खूण दिसेल, हे मनात धरून ठेवा.

१६. चार महिन्यांवर लग्न आलंय. आता काय?

आता ट्रान्सप्लांट केलं तर दोन-चार आठवड्यांत लावलेले केस पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नवे नुसते डोकावतात, पूर्ण रूप वर्षाने येतं. म्हणजे हळदीच्या दिवशी सगळ्यात वाईट दिसेल. मिनॉक्सिडिलही आत्ता सुरू केलं तर मधल्या गळतीतून जावं लागेल (प्रश्न ६). सुरू करायला हरकत नाही, पण फोटोंसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

त्या दिवसापुरतं केसांवर शिंपडायचा फायबर चालतो. भोवरा झाकतो, घामाने मात्र ओघळतो. हेअर पॅच लावणार असाल तर महिनाभर आधी लावून सवय करा, गोंदाची ॲलर्जी तेव्हाच कळू दे. आणि चांगल्या न्हाव्याकडे जाऊन बाजूचे केस एकदम बारीक करून घ्या. बाजू दाट ठेवल्या की मधला भाग आणखी उघडा दिसतो. फेटा बांधायच्या आधी डोकं कोरडं करा.

मुलीकडच्यांना जुने फोटो दाखवले असतील तर आज संध्याकाळीच तिला व्हिडिओ कॉल करा, टोपी न घालता.